पाहुण्यांचे आधार-पासपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर, हे चालतं का?

कळंगुटकर_११रूम
आमचं घरचं गेस्ट हाऊस आहे, अकरा खोल्या. पाहुणा आला की रिसेप्शनवरचा पोरगा आधार नाहीतर पासपोर्टचा फोटो काढतो नि स्टाफच्या ग्रुपवर टाकतो, तिथून मी रात्री रजिस्टर भरतो, परदेशी असला तर सी फॉर्म, म्हणजे परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म. काल एक जर्मन बाई चेकआऊट करताना म्हणाली, माझा पासपोर्ट कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे ते सांगा. मी गप्पच झालो. ग्रुप बघितला तर गेल्या सीझनला काम सोडून गेलेले दोघे अजून आत!! नवीन डेटाचा कायदा आलाय म्हणतात, तो आमच्यासारख्या लहानांना पण लागू का?

पर्वरीचा_आयटीवाला
लागू आहे, लहान म्हणून सूट नाही. कायदा 2023 चा, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी म्हणजे मे 2027 पासून, तेव्हा हातात वेळ आहे. डेटा नीट सांभाळला नाही तर दंड 250 कोटींपर्यंत, अर्थात ती वरची मर्यादा, अकरा खोल्यांना कोण तेवढा लावणार, पण म्हणून झोपून राहू नका. आणि सी फॉर्मसाठी माहिती घेणं चूक नाही हो, ते कायद्यानेच करावं लागतं, 24 तासांत. चूक आहे ती ग्रुपमधल्या सगळ्यांच्या गॅलरीत उतरणारा फोटो. व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड चालू असेल तर ग्रुपमधून काढलेल्या माणसाकडेही फोटो राहतोच.

म्हापशे_मॅनेजर
आम्ही रिसेप्शनच्या एकाच कॉम्प्युटरवर स्कॅन करतो, पासवर्ड दोघांनाच. देशी पाहुण्यांना मास्क्ड आधार मागतो, शेवटचे चारच आकडे दिसतात त्यात, नाहीतर लायसन चालतं. सुरुवातीला पाहुणे कटकट करतात.

रामा_बाजूवाला
अरे ज्या देशात आधारच्या झेरॉक्समध्ये भजी बांधून देतात तिथे कसला डेटा घेऊन बसलात 😄

पर्वरीचा_आयटीवाला
@रामा भजी खा, पण ऐक. उद्या कोणी खरंच कॉम्प्युटरमध्ये घुसलं तर सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, 6 तासांत कळवायचं, हा 2022 चाच नियम आहे, 2027 ची वाट नाही बघायची. नवीन कायद्यात वर पाहुण्यालाही विलंब न करता कळवायचं आणि 72 तासांत त्या कायद्याच्या डेटा प्रोटेक्शन बोर्डाला तपशील. तुम्हाला 6 तासांत आठवेल का कोणाच्या फोनमध्ये काय आहे?

कळंगुटकर_११रूम
नाही आठवणार बाब, तेच तर. आज ग्रुपच काढून टाकला, त्या दोघांना फोन केला, एक म्हणाला डिलीट करतो, दुसऱ्याने उचलला नाही. जर्मन बाईला ईमेलमध्ये हे खरं लिहू की नुसतं सॉरी म्हणू, तेवढं सांगा कोणीतरी. देव बरें करूं.