लोकलमध्ये खाणं होतं, हात धुवायची सोय नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षं दादर-विरार करतेय. संध्याकाळच्या लेडीज डब्यात आमचा दहाबारा जणींचा ग्रुप आहे. वाढदिवस, डोहाळजेवण, संक्रांतीचं हळदीकुंकू, सगळं त्याच डब्यात. थंडीत मटार सोलायचे, एरवी मेथी निवडायची. अंधेरीपर्यंत वरच्या कड्यांना लोंबकळायचं, चौथी सीट मिळाली की त्याच हाताने भेळ!

गेल्या महिन्यात एकीचा वाढदिवस झाला. सगळ्यांनी एकमेकींना हाताने केक भरवला. दोन दिवसांत आम्ही तिघी उलट्या-जुलाबाने आडव्या, मागोमाग माझा मुलगाही. केकमध्ये काही होतं की हातांत, कोण जाणे. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्याआधी हात कसे धुता?" मी पर्समधली सॅनिटायझरची बाटली दाखवली. ते नुसतेच हसले. म्हणजे सॅनिटायझर कुचकामी का? आणि गाडीत साबण-पाण्याचं जमवायचं कसं? ग्रुप सोडा असा सल्ला कृपया देऊ नका.

प्रतिसाद १
कुचकामी नाही, पण त्याला मर्यादा आहेत. मी नर्स आहे, वॉर्डात दिवसभर तेच वापरते. त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के हवं (बाटलीवर बघा), आणि हात आपोआप सुकेपर्यंत चोळायचे. तुम्ही ओढणीला पुसत असाल तर उपयोग नाही. हात तेलकट किंवा मळलेले असतील तर ते नीट काम करत नाही. शिवाय उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही. तिथे साबण आणि पाणीच. २० सेकंद चोळा, बोटांच्या बेचक्या आणि नखांखाली विसरू नका. अँटिबॅक्टेरियल साबणच हवा असं नाही, साधा चालतो. आणि जिला जुलाब होतायत तिने बरं वाटल्यावरही दोन दिवस कुणाला काही भरवू नये.

प्रतिसाद २
मीपण विरारवालीच! पर्समध्ये कागदी साबणाची डबी आणि पाण्याची छोटी बाटली ठेवा. दादरला गाडीची वाट बघताना हात धुऊन फायदा नाही, चढताना परत दांडा धरायचाच. बसल्यावर एकीने पाणी ओतायचं, दुसरीने धुवायचं, खाली डबा धरायचा. दारातून ओतू नका हो, मागच्या डब्यातल्या लटकणाऱ्यांच्या तोंडावर जातं. कोरडे करायला स्वतःचा रुमाल, कारण ओल्या हातांना जंतू लवकर चिकटतात. पाणी नसेल त्या दिवशी भेळ चमच्याने. केकही चमच्यानेच, आणि प्रत्येकीचा वेगळा. मटाराची काळजी सोडा, घरी जाऊन धुवून शिजवणारच आहात ना?

धागाकर्ती
दोघींचेही आभार. चमचे उद्यापासूनच आणते. ओढणीचं बरोबर ओळखलंत! एक राहिलं: हात धुतले की पुढच्या मिनिटाला आम्ही सगळ्या केकचा फोटो काढायला मोबाइल हातात घेतो. त्याचं काय करायचं?

प्रतिसाद २
आधी फोटो, मग हात, मग केक.