बॅटरी पॅकचा लायसन्स करार: या अटी मान्य कराव्यात का? (बेळगाव)

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत आमचं पत्राकाम आणि मशीनिंगचं वर्कशॉप आहे. मालवाहू तीनचाकींसाठी बॅटरीच्या पेट्या बनवतो. पेटी आमची, आतला माल दुसऱ्याचा. आता पुण्याची एक कंपनी म्हणते, पूर्ण पॅक तुम्हीच जोडा, डिझाइन आणि बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट आणि त्याचं सॉफ्टवेअर) आम्ही देतो. १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सिरीजमध्ये, ५१.२ व्होल्ट. कराराचा मसुदा आलाय. आमचे वकील जमिनीच्या केसेस बघणारे, त्यांनी हात वर केले.

सुरुवातीची फी ठीक आहे. पण वर प्रत्येक पॅकमागे 'एलएफपी तंत्रज्ञानाची' रॉयल्टी, सेल त्यांच्याकडूनच घ्यायचे, आणि आम्ही काही सुधारणा केली तर तिची मालकी त्यांची. हे शेवटचं काही पचत नाही बघा. पेटीखाली रबरी बुश कुठे आणि किती जाड द्यायचे, हे आम्हाला खानापूरकडच्या खड्ड्यांनी शिकवलंय, ते उद्या त्यांचं कसं? शिवाय एआयएस-१५६ चं, म्हणजे बॅटरीच्या सुरक्षेच्या टेस्टचं, सर्टिफिकेट कोणाच्या नावावर, याबद्दल मसुद्यात अवाक्षर नाही. जाणकारांनी सांगा की.

चिकोडीकर: पेटंट कायदा १९७०, कलम १४० वाचा. पेटंटात नसलेली वस्तू आमच्याकडूनच घ्या, किंवा सुधारणेचे हक्क फक्त आम्हालाच परत द्या, अशा अटी पेटंटच्या लायसन्समध्ये घालता येत नाहीत. घातल्या तर त्या रद्दबातल. पण हे पेटंटपुरतं. करार नुसता ड्रॉइंग आणि बीएमएसच्या सॉफ्टवेअरचा असेल तर हे कलम कामाला येईलच असं नाही. म्हणून आधी पेटंट नंबरांची यादी मागा. एलएफपीचं मूळ संशोधन टेक्सास विद्यापीठातल्या गुडइनफ यांच्या गटाचं, १९९० च्या दशकातलं. पेटंट २० वर्षांचं असतं. मग रॉयल्टी नेमकी कशाची, ते लेखी घ्या.

निपाणीहून: सेलच्या बाबतीत कंपनीची बाजूही थोडी खरी आहे. सर्टिफिकेटची टेस्ट ठरावीक सेलवर होते, त्यात एक सेल पेटवून आग बाकी पॅकमध्ये पसरते का तेही बघतात. सेल बदलला की पुन्हा एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेच्या दारात जावं लागू शकतं, आणि तो खर्च छोट्या शेडला झेपत नाही. पण 'हेच मॉडेल वापरा' वेगळं आणि 'आमच्याच बिलावर घ्या' वेगळं. पहिलं माना, दुसऱ्यावर भांडा.

मूळ प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. पेटंट नंबर मागणारा मेल आजच टाकला. सुधारणा वापरायची परवानगी देईन, मालकी नाही, हेही कळवलं. सर्टिफिकेटचं मात्र अडलंय अजून. ते त्यांच्या नावावर राहिलं आणि मध्येच करार तुटला, तर शेडमध्ये जोडून ठेवलेले पॅक मला विकता येतील का? कोणी असा करार केला असेल तर तेवढं कलम कसं लिहून घेतलं ते सांगा.