मदत हवी आहे: पिंटरेस्टवरच्या रांगोळ्यांतून कमाई कशी करावी?

नमस्कार ताई-दादांनो. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहते. सकाळी शेणाचा सडा टाकला की ओल्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढते आणि कोंबड्या सुटायच्या आत फोटो घेते. वर्षभरापासून हे फोटो पिंटरेस्टवर, म्हणजे फोटो शोधून सेव्ह करून ठेवायच्या ॲपवर, टाकते आहे. आमच्याकडे सगळे रील्सच्या मागे, पिंटरेस्ट कोणाला माहीतही नाही. पण तिथं फोटो शिळा होत नाही! मागच्या दिवाळीतली १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी बाया अजून सेव्ह करतात.

यूट्यूबवर जाहिरातीच्या पैशासाठी १,००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षात लोकांनी आपले व्हिडिओ ४,००० तास बघावे लागतात, ते मला जमण्यासारखं नाही. पिंटरेस्टवर ॲफिलिएट लिंक (दुसऱ्याच्या वस्तूची लिंक, त्यावरून कोणी विकत घेतलं की आपल्याला कमिशन) लावता येते, पण रांगोळी बघायला आलेली बाई विकत काय घेणार?

म्हणून ५१ रांगोळ्यांची पीडीएफ करून यूपीआयवर विकावी म्हणते. कोणी असं केलंय का? स्वतःची वेबसाइट लागतेच का? किंमत २९ ठेवू की ४९? पैसे आल्यावर पीडीएफ आपोआप जाईल असं काही आहे का? कापूस वेचणी लागली की दिवसभर वावरात असते, त्याआधी ठरवायचं आहे.