मदत हवी आहे: अल्जियर्स आणि स्वीडन-डेन्मार्कचे तह

नमस्कार मंडळी. १८व्या शतकातल्या अल्जियर्सच्या (उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं राज्य, ज्याची लढाऊ जहाजं युरोपीय व्यापारी जहाजं पकडत) तहांवर एक दीर्घ लेख लिहितो आहे. स्वीडनने १७२९ मध्ये आणि डेन्मार्कने १७४६ मध्ये अल्जियर्सशी तह केला. जहाजं सुखरूप जावीत म्हणून हे देश तोफा, दारूगोळा, डोलकाठ्या, दोरखंड असं सामान 'भेट' म्हणून पाठवत. ज्या तोफा आपल्यावरच उलटू शकतात त्या आपणच द्यायच्या, हा हिशेब मला फार विलक्षण वाटतो! १७७० मध्ये डेन्मार्कने भेटींची वाढीव मागणी धुडकावून अल्जियर्सवर आरमार धाडलं, पण मोहीम फसली आणि १७७२ मध्ये पुन्हा तहच करावा लागला.

माझी अडचण अशी, की हाताशी आहे ते सगळं युरोपीय राजदूतांच्या नजरेतून लिहिलेलं. 'देय', म्हणजे अल्जियर्सचा शासक, आणि त्याचा दरबार या व्यवहाराकडे कसा पाहत होता? उस्मानी तुर्की किंवा अरबी कागदांची इंग्रजी वा फ्रेंच भाषांतरं कुणाला माहीत आहेत का? शिवाय त्या काळी हे देश आपल्या जहाजांना देत त्या सागरी परवान्याचं स्पष्ट छायाचित्र हवं आहे. तो नागमोडी कापून वरचा तुकडा अल्जियर्सला पाठवत आणि समुद्रात जहाजावरच्या तुकड्याशी जुळवून पाहत. डॅनिश वाचणारं कुणी असेल तर कृपया नक्की कळवा.