गरम होतो तोच अ‍ॅम्प?

घोडबंदरवाला:
परवाच्या अ‍ॅम्प्लिफायरवरच्या पोस्टमध्ये एका महाशयांनी निकालच देऊन टाकला, "क्लास डी म्हणजे खेळणं. हीटसिंकचा चटका बसत नाही तो अ‍ॅम्पच नव्हे." अहो, चटकाच हवा तर तवा घ्या! क्लास डी वीज वेगाने चालू-बंद करून (स्विचिंग) आवाज वाढवतो, म्हणून कमी तापतो. जुन्या पद्धतीच्या क्लास एबीची कार्यक्षमता कागदावर जास्तीत जास्त ७८.५ टक्के, तीही पूर्ण पॉवरला. घरी ८७ डीबी संवेदनशीलतेच्या स्पीकरवर आपण एक-दोन वॅटमध्ये ऐकतो, तेव्हा बहुतेक वीज खोली तापवण्यात जाते. तीही ठाण्याच्या मे महिन्यात. माझा टीपीए३११६ या क्लास डी चिपचा बोर्ड लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या जुन्या अडॅप्टरवर चालतो. दोन चॅनल, ५०-५० वॅट.

नौपाडा_एबी:
तो महाशय मीच. ५० वॅट? डेटाशीट उघडा: २१ व्होल्ट, ४ ओहम आणि १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती). १९ व्होल्टवर तेवढेही नाहीत. क्लास एबीचा एलएम३८८६ ±२८ व्होल्टवर ४ ओहमला ६८ वॅट देतो, ०.१ टक्क्यात. शिवाय क्लास डीचा आउटपुट फिल्टर (स्विचिंग गाळणारी कॉइल-कपॅसिटरची जोडी) ४ ओहमसाठी बेतलेला आणि स्पीकर ८ चे असले की वरच्या पट्टीत नको तो उठाव येतो. मग म्हणायचं, काय क्लिअर आवाज!

ऐरोलीचा_रेडिओ:
तुमचं चालू द्या. मुलाने असला बोर्ड आणल्यापासून आमच्या मिडियम वेव्हवर नुसती खरखर. ४०० किलोहर्ट्झला स्विचिंग, म्हणजे ८०० आणि १२०० ला त्याची पिल्लं. दोन्ही थेट रेडिओच्या पट्ट्यात.

कोपरखैरणे_१४:
काका, आकाशवाणी मोबाइलवर येते हो. मिडियम वेव्ह कोण ऐकतं आता?

ऐरोलीचा_रेडिओ:
माझी आई ऐकते. ऐंशीच्या घरात आहे. बटण फिरवलं की स्टेशन लागतं, एवढंच तिला हवंय. आणि काका म्हणून शिकवू नका.

घोडबंदरवाला:
खापर एकट्या क्लास डीवर का? एलईडीचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, सगळेच स्विचिंग. उलट या चिपमध्ये एएम (म्हणजे मिडियम वेव्हचा पट्टा) टाळायला स्विचिंगची वारंवारता १.२ मेगाहर्ट्झपर्यंत बदलायची सोय आहे.

नौपाडा_एबी:
सोय चिपमध्ये! बोर्डवर वारंवारता ठरवणाऱ्या पिना आधीच बांधलेल्या असल्या तर ट्रॅक कोण कापणार, त्यांच्या आई?

ऐरोलीचा_रेडिओ:
आईला मध्ये आणायचं काम नाही. तुमच्या बाजूने बोलत होतो, आता तेही नाही.

कोपरखैरणे_१४:
सॉरी, रागावू नका. स्पीकरच्या लांब वायरीच अँटेना होतात. वायर आखूड करा, वायरीवर फेराइटची कडी लावा, बोर्ड पत्र्याच्या डब्यात घाला.

ऐरोलीचा_रेडिओ:
केलं. खरखर निम्मी झाली. निम्मी अजून आहे, हेही लिहून ठेवा.

घोडबंदरवाला:
बरं, ८ ओहमच्या फिल्टरचं मान्य, नाइलाजाने. कॉइल बदलतो. बाकी एकही शब्द मागे घेत नाही.

नौपाडा_एबी:
उपकार झाले. कोणाकडे २०-०-२० व्होल्टचा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर पडलाय का? लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचा कंटाळा आलाय.

घोडबंदरवाला:
माझ्याकडे आहे. गुणगुणतो.