लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानातील जुनी प्राणिशिल्पे : वडिलांना घेऊन जावे का?

शाहूपुरीकर

नमस्कार. येत्या मे महिन्यात मी वडिलांना घेऊन धाकट्या बहिणीकडे क्रॉयडनला जाणार आहे. वडील शहात्तर वर्षांचे असून त्यांची सारी हयात कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती घडवण्यात गेली. लंडनचे राजवाडे पाहण्याची त्यांना ओढ नाही. पण तेथील एका उद्यानात १८५४ साली उभारलेले प्रागैतिहासिक प्राण्यांचे पुतळे आहेत, असे नातवाने सांगितल्यापासून ते त्याबद्दलच विचारत असतात. नातवाचेच पुढचे म्हणणे मात्र असे की, ते पुतळे शास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहेत आणि त्याऐवजी आजोबांना संग्रहालयातील खरे सांगाडे दाखवावेत. आमच्याकडे एकच दिवस मोकळा आहे आणि वडिलांचा गुडघा दुखतो. तेथे चालावे किती लागते, पुतळे जवळून दिसतात का, आणि मातीत हात घालून जगलेल्या माणसाला तेथे पाहण्यासारखे काय आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रंकाळा_परिसर

दोन वर्षांपूर्वी मी तेथे जाऊन आलो आहे. वेस्ट क्रॉयडनहून पेंज वेस्ट स्थानकाला थेट गाडी आहे, आणि तुम्ही तेथेच उतरा, कारण उद्यान उतारावर वसलेले असून पुतळे खालच्या अंगाला, तळ्याच्या काठाने आहेत. वरच्या बाजूने शिरलात तर वडिलांना सगळा उतार उतरून पुन्हा चढावा लागेल. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पुतळे बेटांवर असल्याने ते पाण्याच्या अलीकडून, वाटेवरूनच पाहावे लागतात, म्हणून दुर्बीण बरोबर ठेवा. २००७ मध्ये या शिल्पांना तेथील वारसावास्तूंची सर्वोच्च श्रेणी मिळाली आणि तरीही भेगा वाढत गेल्याने २०२० मध्ये त्यांची नोंद धोक्यातील वारशाच्या यादीत करावी लागली. डागडुजीसाठी काही भाग झाकलेला असू शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावरची सूचना अवश्य वाचावी.

भूगर्भ_शिक्षक

नातवाचे म्हणणे खोटे नाही, पण ते अपुरे आहे. तीसहून अधिक पुतळ्यांपैकी खरे डायनोसॉर चारच आहेत : दोन इग्वानोडॉन, एक मेगॅलोसॉरस आणि एक हायलिओसॉरस. बाकीचे सागरी सरपटणारे प्राणी, प्रचंड शिंगांचे हरीण, महाकाय स्लॉथ असे इतर जीव आहेत. इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग दिसेल. ते टोकदार हाड सुटे सापडले होते, त्यामुळे ते नाकावरचे असावे असा तर्क झाला. १८७८ मध्ये बेल्जियममधील बर्निसार्तच्या कोळसा खाणीत पूर्ण सांगाडे मिळाले, तेव्हा ते अंगठ्याचे असल्याचे उघड झाले. शिल्पकार बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स यांना सल्ला देणारे रिचर्ड ओवेन हे त्या काळचे नामवंत शरीररचनातज्ज्ञ होते, ‘डायनोसॉरिया’ ही संज्ञा त्यांनीच १८४२ मध्ये दिली होती. म्हणजे हातात मूठभर हाडे असताना त्या दिवशी जेवढे कळले होते, तेवढे येथे प्रामाणिकपणे उभे केले आहे. मोसासॉरस हा सागरी सरपटणारा प्राणी मुद्दाम पाहा : त्याची कवटीच काय ती नीट ठाऊक होती, म्हणून डोके आणि पुढचा थोडा भाग पाण्याबाहेर घडवला आणि बाकीचे शरीर पाण्याखाली असल्याचे भासवले. आणि इक्थिओसॉर या दुसऱ्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यांवर दुर्बीण रोखा. बुबुळाभोवती हाडांच्या पाकळ्यांचे कडे आहे. जीवाश्मात ते दिसते, म्हणून हॉकिन्स यांनी ते तसेच्या तसे उमटवले.

साचा_आणि_शाडू

मी मूर्तिकामच करतो, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापुरते लिहितो. हॉकिन्स यांनी आधी पूर्ण आकाराचे मातीचे नमुने केले, त्यांवरून साचे घेतले आणि मग सिमेंटमध्ये प्राणी उभे केले. हे साचे केवढे असतील याची कल्पना यावी म्हणून सांगतो, ३१ डिसेंबर १८५३ रोजी इग्वानोडॉनच्या साच्यात टेबल मांडून विद्वानांना मेजवानी दिली होती. हॉकिन्स यांच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे एका इग्वानोडॉनला ६०० विटा, ६५० अर्धगोल मोरीची कौले, ९०० साधी कौले, ३८ पिंपे सिमेंट आणि ९० पिंपे खडी लागली. हा सगळा भार चार लोखंडी खांबांवर, म्हणजे चार पायांवर आहे, कोठेही आडवा टेकू दिसत नाही. आपल्या कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्री यांनी घडवलेल्या ताराराणींच्या पुतळ्यात घोडा मागच्या पायांवर कसा तोलला आहे, हे वडिलांनी नक्कीच निरखले असेल. तीच नजर येथे कामी येईल. इतक्या वजनाचा प्राणी पायातून कसा उतरवला, कातडीची खवले कोणत्या क्रमाने लावली, सुरकुत्या कोपराशी कशा वळल्या, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसेल. संग्रहालयात हाडे दिसतील, पण हाडांवर मांस चढवण्याचा विचार येथेच आहे.

शाहूपुरीकर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल रात्री ही उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. खांबांचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि मग, पोटाचे ओझे मागच्या दोन पायांवर किती आणि पुढच्यांवर किती ठेवले असेल, याचे पाटीवर चित्र काढत बसले. पेंज वेस्टला उतरायचे ठरले आहे. नातूही बरोबर येतो म्हणतो, आणि दुर्बीण त्याच्याकडेच आहे.