मदत हवी आहे: ११ महिन्यांच्या बाळाची फिजिओथेरपी तालुक्यातील गावातून नियमित कशी चालू ठेवावी?

सर्वांना नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातील एका लहान गावात राहतो. माझ्या मुलाचा जन्म ३२व्या आठवड्यात झाला, वजन १४५० ग्रॅम होते आणि पहिले २२ दिवस तो नवजात शिशू कक्षात काचेच्या पेटीत होता. आज तो ११ महिन्यांचा आहे. मात्र वेळेआधी जन्मलेल्या बाळाची प्रगती पाहताना दोन वर्षांपर्यंत जितके आठवडे लवकर जन्म झाला तेवढे (आमच्या बाबतीत आठ) वजा करायचे असतात, म्हणजे त्याचे वय नऊ महिने धरावे लागते. हा हिशोब आधीच मांडते, कारण "कमी दिवसांचे बाळ आहे, मागे राहणारच" हे मी इतक्यांदा ऐकले आहे की पुढे पुढे मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींवरही माझा विश्वास उरला नव्हता.

त्याला बसवले की तो मागे ताठ होऊन कलंडतो. लंगोट बदलताना दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात आणि ते दूर करायला मला जोर लावावा लागतो. खुळखुळा घ्यायचा तर नेहमी उजवाच हात पुढे येतो. डावी मूठ मिटलेलीच असते. आंघोळ घालताना मी अंगठा हळूच सोडवून ती मूठ उघडते, तेव्हा तळव्यात गोधडीचे दोरे गुंतलेले असतात आणि आंबलेल्या दुधाचा वास येतो. बाळ हसते, माणसे ओळखते आणि वडिलांच्या मोटारसायकलचा आवाज आला की दाराकडे मान वळवते.

सातव्या महिन्यात आम्ही एका खासगी डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी पाय हलवूनही न पाहता वर्षाचा होईपर्यंत थांबायला सांगितले. घरी सासूबाईंचे म्हणणे, "तेना बाप बी उशिराच चालना व्हता." त्यांची माया खरी आहे, पण त्यात आमचे तीन महिने गेले आणि ते मला फार लागले आहे. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला आले. हे पथक वर्षातून दोनदा येते, ही माहिती मला सेविकाताईंकडूनच मिळाली. पथकातील डॉक्टरबाईंनी त्याला मांडीवर घेतले, गुडघे वाकवून पाहिले, स्नायूंचा ताण वाढलेला आहे असे सांगितले आणि जळगावच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी (मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर ओळखून उपचार करणारे सरकारी केंद्र) चिठ्ठी दिली. एक वर्षाच्या आत एकच हात वापरणे हे उजवखोरेपणाचे लक्षण नसून दुसऱ्या हाताकडे लक्ष देण्याची सूचना असते, हेही त्यांच्याकडूनच कळले.

केंद्रातील पहिली भेट झाली आहे. बालरोगतज्ज्ञांनी तपासले आणि फिजिओथेरपिस्ट ताईंनी एक तास दिला. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर महिन्याभरात झाली होती. ऐकू येते का हे पाहणारी कानांची बेरा तपासणी बाकी आहे. मुलाला कडेवर घेताना दोन्ही पाय फाकवून कमरेच्या दोन बाजूंना ठेवायचे, हे फिजिओथेरपिस्ट ताईंनी माझ्याकडून करून घेतले. आपल्याकडे मुले तशीच तर घेतात. मीच त्याला अशक्त समजून दुपट्यात आडवा गुंडाळून ठेवत होते. वॉकर त्यांनी स्पष्ट नाकारला, कारण त्यात मूल चवड्यांवर उभे राहते आणि ताठ पाय आणखी ताठ होतात. जोर लावून मालीश करायचे नाही, असेही सांगितले.

आता माझी अडचण. केंद्रात उपचार मोफत आहेत, पण आठवड्यातून दोनदा यायला सांगितले आहे. जळगावला एसटीने जाऊन परत येण्यात पूर्ण दिवस मोडतो. महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे भाडे कसेबसे परवडते, परंतु मजुरी बुडते. माझे पती केळीच्या कापणीवर जातात. गाडी भरायची असेल त्या दिवशी त्यांना सुट्टी मागता येत नाही.

ज्यांनी चोपडा, यावल, शिरपूर, शहादा अशा तालुक्यांतून जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या केंद्रात मूल नेले आहे, त्यांनी कृपया सांगावे: पंधरा दिवसांतून एक भेट आणि रोज घरी व्यायाम असे कोणाला ठरवून मिळाले का, आणि त्याचा मुलाला उपयोग झाला का? घरच्या व्यायामांचे मोबाइलवर चित्रीकरण करू देतात का? आमच्या आशाताई दर तीन महिन्यांनी घरी येतात. त्यांना सोबत नेऊन व्यायाम शिकवता येतील का? एवढ्या लहान वयात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज केला, तर तो स्वीकारतात का?

एक गोष्ट विचारायला संकोच वाटतो. व्यायाम करवताना तो इतका रडतो की सासूबाई त्याला माझ्या हातातून काढून घेतात. आपल्या घरी हे कसे सांभाळले? मी आता दूध पाजल्यानंतर तासाभराने, आंघोळीच्या आधी व्यायाम घेऊन पाहते आहे आणि खुळखुळा डाव्या हाताच्या बाजूला सासूबाईंनाच धरायला सांगते. काल त्याने बोटे थोडी उघडली होती.

पुढची भेट येत्या मंगळवारी आहे. तोपर्यंत कोणाचे उत्तर आले, तर तेथील ताईंशी नेमके काय बोलायचे ते मला ठरवता येईल.